सायलीचं देवक

शाळेच्या स्नेहसंमेलनात सायली बोलायला उभी राहिली आणि दोन वाक्यांनंतर थिजली. तोंड अर्धवट उघडं, नजर एका जागी. तिच्या वर्गातला अभिमन्यू मागून ओरडला, "मेली बे, मेली!" सगळा मांडव हसला. त्या दिवसापासून वर्गात ती तोंडच उघडीना.

नेकनूरला संध्याकाळी माझ्या अंगणात गल्लीतली मुलं जमतात. त्या आठवड्यात देवकाचा विषय निघाला होता. लग्नात घराण्याची खूण म्हणून पुजतात ते देवक. कुणाचं कळंबाची फांदी, कुणाचं मोराचं पीस. मी म्हणालो, "आपापल्या मनानं एक प्राणी देवक म्हणून निवडा आणि रविवारी त्याच्याविषयी उभं राहून सांगा."

अभिमन्यूनं वाघ धरला, करिष्मानं घार. सायली मात्र सगळे गेल्यावर जवळ आली. "आप्पा, मला न्हाई जमायचं. पुन्ना तसं झालं तर मी शाळाच सोडीन."

मी एका पुस्तकातलं चित्र तिच्यापुढं धरलं.

"ही तर घूस हाय!"

"घूस नव्हे, ओपोसम. अमेरिकेतला प्राणी. मांजराएवढा. आईच्या पोटाला पिशवी असते. पिल्लं त्यातून बाहेर आली की तिच्या पाठीवर बसून हिंडतात."

"ऊसतोडीला जाताना आई आमच्या बाळूला पाठीवर घेती तसं?"

"तसंच. फक्त हिच्या पाठीवर आठ-दहा बाळू."

सायली हसली. मग मी पुढचं सांगितलं. "कुत्रं अंगावर आलं की हा आडवा होतो. जीभ बाहेर, तोंडाला लाळ. हलवलं तरी उठत नाही. मेल्यासारखा घाण वाससुद्धा सोडतो. आणि हे तो मुद्दाम करत नाही बरं. त्याचं अंगच आपोआप तसं करतं, त्याला वाचवायला."

तिनं चित्रावर बोट ठेवलं. "मंग उठतो कसा?"

"आधी कान हलतात. सगळं शांत झालं की मान उचलतो आणि आपल्या वाटेनं निघतो."

"लाजत न्हाई?"

"त्यात लाजायचं काय? जिवंत राहिलाय की."

रविवारी तिची पाळी आली. "माझं देवक ओपोसम. त्याला लई दात असतात, पन्नास. तो विषारी सापाला पण खातो आणि..." एवढ्यावर ती थांबली. नजर एका जागी गेली. मुलं कुजबुजली. अभिमन्यूनं तोंड उघडलं तोच मी बोट ओठावर ठेवलं. अंगण शांत झालं. आम्ही नुसते बसून राहिलो.

मग सायलीनं हळूच हात वर नेला आणि स्वतःचा कान धरून हलवला.

"हे बघा," ती म्हणाली, "उठायला लागला."

मुलं खो-खो हसली. या वेळी तीही हसली.

"बरं, मंग घाण वास कुठाय?" अभिमन्यूनं विचारलं.

"तुझ्याशेजारी हुबी हाय ना, तुझ्या वासात येगळा कळंना!"

अभिमन्यूच सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्याचं हसू ओसरेपर्यंत सायली थांबली. मग दोन्ही हात पाठीमागं नेऊन ती जरा वाकली, पिल्लं बसवून घेतल्यासारखी.

"आता त्याच्या आईचं सांगते," ती म्हणाली.