भेटायला येऊ नये

कर्करोगाच्या माणसाला औषधाइतकीच झोपेची गरज असते, याबद्दल लासुर्ण्यात दुमत नव्हतं. म्हणून तर हे सांगायला रोज माणसं येत आणि सांगण्यासाठी सिंधुबाईंना उठवत.

"झोपलीस व्हय गं?" शेजारच्या दगडाबाईनं खांदा हलवला.

"न्हाय. बसा." सिंधुबाई उठून बसल्या.

"उठू नगंस. झोप येती का?"

"येती थोडी."

"झोपायचं बाई. माझ्या नणंदंला झोप न्हवती, तर दिवाळीबी बघितली न्हाय तिनं."

एवढा धीर देऊन दगडाबाई चहाची वाट बघत पलंगावर ऐसपैस बसली. सिंधुबाईंनी पाय दुमडून घेतले.

दगडाबाई गेली की थोरले दीर आप्पासाहेब येत. सोसायटीचे माजी चेअरमन, त्यामुळं एकटे कधीच येत नसत. ते आले की सिंधुबाई केस गेलेल्या डोक्यावर पदर घेऊन पलंगाच्या कडेला बसत. थोरल्या दिरासमोर पाय पसरणं त्यांना उभ्या जन्मात सुचलं नव्हतं. "पड, पड तू," म्हणत आप्पासाहेब खुर्ची पुढं ओढत आणि तासभर ऊसतोडीवर बोलत.

"औषध आम्ही देतो, झोप तुम्ही द्या," असं डॉक्टरांनी मुलाला, अविराजला बजावलं होतं. अविराज लोणी देवकरच्या एका कंपनीत सुपरवायझर. तिथं कुठल्याही अडचणीवर बोर्ड लावतात. त्यानं फाटकावर बोर्ड लावला : 'पेशंटला विश्रांतीची गरज आहे. भेटायला येऊ नये.'

दुपारपर्यंत गावभर झालं, की सिंधूचं आता काही खरं नाही. नाहीतर बोर्ड कोण लावतंय? संध्याकाळी पळसदेवहून माहेरची माणसं पिकअप भरून रडत आली. सिंधुबाईंना जिवंत बघून जरा गोंधळली, पण आलोच आहोत तर म्हणून रडणं पुरं करून गेली.

बोर्ड आप्पासाहेबांनी स्वतः उपटला. "आपल्या दाराला आसला बोर्ड? उद्या माझ्या मयताला तरी कोण यील का?"

"आप्पा, आईला झोप..."

"झोपंला कोण नगं म्हणतंय? मीच सांगतोय की तिला रोज!"

झोपायला उरलं फक्त बारामती. तिथल्या दवाखान्यात केमोच्या खोलीत नातेवाइकांना सोडत नसत. दारातल्या वॉचमननं आप्पासाहेबांना "बाहेर बसा" म्हटलं होतं, आणि ते बसलेही होते. आत मागं कलणारी खुर्ची होती, हिरवा पडदा होता. सलाईन लागलं की सिंधुबाई पाय लांब करत. जन्मभर पहाटे उठून जिनं मेथीच्या जुड्या बांधल्या आणि इंदापूरचा बाजार गाठला, ती बाई तिथं दुपारपर्यंत घोरायची. बाकीचे पेशंट केमोच्या नावानं धास्तावलेले असत. या मात्र आदल्या दिवशीच पिशवीत चादर भरून ठेवत. पुढच्या उलट्या म्हणजे त्या झोपेचं भाडं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

शेवटच्या केमोला प्राची सिस्टरनं सुई काढली. "झालं मावशी. कोर्स संपला. सुटलात!"

सिंधुबाईंनी डोळे चोळले. "आजून एक देता यील का?"

"काय?"

"ह्येच. बारकं आसलं तरी चालंल."

"मावशी, हा काय चहा आहे?"

"मग सुई नगा टोचू. नुसतं बसू द्या हितं."

प्राचीनं पडद्याबाहेर पाहिलं. पुढचा पेशंट चप्पल काढून उभा होता. "खुर्ची रिकामी नसते हो," ती हळू म्हणाली.

बाहेर आप्पासाहेब हार घेऊन बसले होते. सिंधूनं अजून एक केमो मागितल्याचं कळल्यावर त्यांना भरून आलं. "ह्याला म्हंत्यात जिद्द!" गाडी सुरू होताच त्यांनी गावाकडं फोन लावला. "आमी निघालोय. समद्यांना घरी बोलवा. दारात मांडव घाला."

मागच्या सीटवर सिंधुबाईंनी खिडकीला डोकं टेकलं, डोळे मिटले.

"सिंधू, झोपलीस व्हय?" आप्पासाहेबांनी दुसरा फोन लावून मागं केला. "बोल जरा. पळसदेवची मंडळी हाईत. लय काळजी करत्यात तुजी."

सिंधुबाई सावरून बसल्या. पदर घेतला. "हालो," म्हणाल्या.

आता थेट तीन महिन्यांनी तपासणी. तपासणीला पाच मिनिटं लागतात, आणि बसायला स्टूल असतं.