सात पावलांचा फोकस

"एवढं ओझं तं मांडवातही नाही उचललं बाप्पा," शामकलाच्या कानामागेच लीलाधर पुटपुटला. त्याच्या पाठीवर फक्त तंबू होता, बाकी सगळं तिच्या. पण कुरकुरीचा मान नवऱ्याचा.

काल दोघं दरेकशाला गाडीतून उतरून जंगलात शिरले, रात्री नाल्याकाठी तंबू ठोकला आणि आता उजाडता उजाडता धबधब्यासमोर उभे होते. डोंगराच्या खाचेतून ऊन यायचं, सात-आठ मिनिटं पाण्यावर टेकायचं आणि जायचं. तेवढ्यात फोटो. गोंदियाच्या एका राइस मिलवाल्या सेठला कॅलेंडरसाठी हवा होता. तीन लग्नांचे अल्बम धुरकट आल्यावर लीलाधरच्या फोटो स्टुडिओत आलेलं हे एकच काम. हे बिघडलं तर कुलूपच.

अल्बम धुरकट का, याचं उत्तर घरात प्रत्येकाकडे तयार होतं. लेक भूमिका म्हणे, लेन्सला बुरशी. लीलाधर म्हणे, कार्ड खराब. शामकला म्हणे, होमाचा धूर.

पंचवीस वर्षं तिनं मांडवामांडवातून त्याच्यासाठी लाइट धरला होता. उजेड कुठून येतो, कुठं मरतो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. हात दुखवून शिकली होती.

खाचेतून ऊन आलं. पाण्याची धार वरपासून खालपर्यंत पेटली.

"घ्या जी, आलं!"

लीलाधरनं कॅमेऱ्याची तिपाई रोवली आणि कॅमेऱ्यात न बघताच तो पुढं चालू लागला. एक, दोन, तीन... पाचव्या पावलाला बूट डोहात.

"कुठं जाऊन राहिले जी?"

"फोकस मोजून राहिलो. नवरीपासून सात पावलं, का रिंग खुणेवर..."

"हे का नवरी होय?" शामकला हसली, आणि हसू मध्येच अडकलं. वर्षभर मांडवात तो अशीच पावलं मोजत होता. ती त्याला ऐट समजायची. म्हणजे, तसं समजायचं तिनं ठरवलं होतं.

ऊन निम्मं उतरलं होतं. ती कॅमेऱ्यामागे गेली. थेंबापासून थेंब सुटा दिसेपर्यंत फोकसची रिंग फिरवली आणि अकरा फोटो घेतले. लाइट धरून तयार झालेले हात. एकदाही हलले नाहीत. मग ऊन गेलं, कड्यानं सावली अंगावर ओढून घेतली.

"पाहा," तिनं कॅमेरा त्याच्या हाती दिला.

लीलाधरनं तो जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडे वळवला. "वा! झकास आला," तो म्हणाला.

कॅमेऱ्याचा पडदा केव्हाचाच काळा झाला होता.

शामकलानं कॅमेरा हळूच परत घेतला आणि आपल्या गळ्यात अडकवला. "आजपासून लाइट तुमी धरा जी," ती म्हणाली. "तुमाले दिसत नाही."