कोरडा सांधा

ओपुआच्या धक्क्यावर मर्व्हिन हॅडोला सगळे 'बुडखा' म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण गाव एवढंसं, तिथे पाठीमागचं तोंडावर यायला कितीसा वेळ लागतो? नाव पडलं ते त्याच्याच बोलण्यावरून. कुणाच्या शिडाच्या बोटीवर लांब पल्ल्याचा रेडिओ बसवायचा असला की म्हातारा एकच पुराण लावून बसायचा.

"शेंडा सगळ्यांना दिसतो रे. डोलकाठीला मागून तोलून धरणारी ती तार, तीच तुझी अँटेना. ती कुणीही टांगेल. पण अँटेना निम्मी वर असते आणि निम्मी पाण्यात. अर्थिंग धड नसेल तर तुला जगाचं सगळं ऐकू येईल, आणि तुझं कुणालाच जाणार नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! म्हणून सांगतो, बुडखा आधी बघ."

ऐकणारे कंटाळून जांभया देत. पण मे महिना आला, चक्रीवादळांचा मोसम सरला आणि बोटी उत्तरेकडे टोंगा-फिजीला निघायच्या झाल्या, की तेच लोक त्याच्या दारात उभे राहत. कारण त्याचं काम चोख होतं. सांधा कुठलाही असो, तांब्याचा किंवा पोलादाचा, मर्व्हिन खिशातली पत्र्याची डबी काढायचा, मेंढीच्या लोकरीचं ते पिवळं चिकट तेल बोटावर घ्यायचा आणि सांध्याला असं चोळायचा की जणू आजारी लेकराच्या छातीला बाम लावतोय. खारं पाणी त्या सांध्याला वर्षानुवर्षं शिवत नसे. त्याच्या अंगाला, कपड्यांना, अगदी त्याच्या घरच्या चहाच्या मगालाही त्या तेलाचा मेंढरासारखा वास यायचा.

हे वेड त्याला उगाच लागलेलं नव्हतं. त्याचा मुलगा अ‍ॅलेक मित्राच्या बोटीवरून टोंगाहून परत येताना नाहीसा झाला. त्या बोटीवर नजर पोचेल तेवढ्याच अंतरावर बोलणारा रेडिओ होता. ते बुडाले की आदळले, शेवटी काय ओरडले, कुणाला काही कळलं नाही. पुढे किनाऱ्यावर एक निळी बादली सापडली, तीही त्याच बोटीची होती की नाही कोण जाणे. त्यानंतर मर्व्हिनने दुसऱ्यांच्या बोटींना तोंडं बसवायला, म्हणजे लांब पल्ल्याचे रेडिओ जोडायला, सुरुवात केली.

मुलगी शोना तेव्हा वेलिंग्टनला नोकरीला होती. बापाला सोबत म्हणून चार दिवसांसाठी आली, ती राहिलीच. आई आधीच गेलेली. सहा हिवाळे तिने बापाचा स्वयंपाक केला, त्याची चिडचिड सोसली, अ‍ॅलेकच्या वाढदिवसाला त्याच्याबरोबर न बोलता जेवली. मग एक दिवस तिने 'टोरेआ' नावाची जुनी बोट घेतली आणि सांगितलं, टोंगात, व्हावाऊ बेटावर शाळेत शिकवायला जाणार. आणि बोटीनेच जाणार, एकटी.

मर्व्हिनने आकांडतांडव केलं नाही. तो नुसता म्हणाला, "रेडिओशिवाय जाऊ देणार नाही."

"मग तू बसव ना, बाबा," शोना म्हणाली. "तुझ्या हातचा रेडिओ बसेपर्यंत धक्का सोडणार नाही, शब्द देते. पण बसला की थांबणारही नाही. तू पण शब्द दे."

त्याने दिला. आणि दिल्या क्षणापासून तो त्यातून निसटायची वाट शोधू लागला.

उन्हाळाभर, म्हणजे तिकडच्या डिसेंबरपासून, त्याने कारणं काढली. तांब्याची पट्टी पातळ आहे, केबल ऑकलंडहून यायचीय, पाठ धरलीय. शोना ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. मे उजाडला तशी कारणं संपली. अंगणात फेइजोआच्या हिरव्या फळांचा सडा पडला होता, ती एक फळ चमच्याने कोरून खात दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आज पाठ कशी आहे? बरी असेल तर चल, वाईट असेल तरी चल."

काम सुरू झालं. डोलकाठीची मागची जुनी तार काढून नवी बसवायची होती. तिला दोन ठिकाणी तोडून मध्ये इन्सुलेटर घालायचे, म्हणजे मधला तुकडा विजेच्या दृष्टीने सुटा होतो, आणि तोच बोलतो. पण ताण मात्र साऱ्या तारेने सोसायचा असतो. ती सुटली की डोलकाठी आडवी. मर्व्हिनने ते काम जीव ओतून केलं. प्रत्येक जोड तीनतीनदा तपासला. लेकीला थांबवायचं होतं, बुडवायचं नव्हतं.

शोना दोराच्या झुल्यात बसून डोलकाठीच्या टोकाला गेली. खालून तो ओरडला, "तेल लावलंस का?"

"लावलं! मेंढरू झालेय मी वर!"

"अजून लाव!"

धक्क्यावरच्या मंडळींना हसू फुटलं. तोही हसला. तेवढ्यापुरतं सगळं बरं चाललं होतं.

मग तो एकटाच बोटीच्या मागच्या कप्प्यात, सुकाणूजवळच्या अंधारात शिरला. तिथे रेडिओचा आणि तारेचा मेळ घालणारी जुळणीपेटी होती, आणि तिथूनच तांब्याची पट्टी खाली बुडाला बाहेरून बसवलेल्या काशाच्या पत्र्यापर्यंत न्यायची होती. तोच बुडखा. पत्र्याचा जो बोल्ट बुडातून आत आला होता, त्याच्याभोवती त्याने रबरी नळीचा तुकडा चढवला. पट्टीच्या खाली आणि वर आइस्क्रीमच्या डब्यातून कापलेल्या प्लॅस्टिकच्या चकत्या घातल्या. वर नट घट्ट आवळला. दिसायला सांधा पक्का, पण तांब्याची आणि काशाची गाठ कुठेच नाही.

सवयीने हात खिशातल्या डबीकडे गेला. झाकण उघडलं, बोट तेलात बुडवलं, आणि तसंच परत पुसून टाकलं. खोट्या सांध्याला तेल लावायला त्याचा हात धजेना.

त्याचा हिशेब सोपा होता. शनिवारी गावातल्या वाइमारीच्या घरच्या रेडिओशी बोलून चाचणी घ्यायची. शोनाचा आवाज पोचणार नाही. मग जुळणीपेटी बिघडली म्हणायचं, नवी मागवायची, ती येईस्तोवर जून-जुलैची हिवाळी वादळं दार लावतील. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी.

पण वारा शुक्रवारीच फिरला. पावसाची फळी पहाटे सरकून गेली आणि मागून नैर्ऋत्येचा स्वच्छ, थंड वारा सुटला. टोंगाला जाणारे याच वाऱ्याची वाट बघत असतात. मर्व्हिन धक्क्यावर पोचला तेव्हा कस्टमवाल्याचं काम उरकलं होतं आणि शोना शिडाची खोळ काढत होती.

"आज शुक्रवार आहे," तो म्हणाला. "शुक्रवारी कुणी बोट सोडतं का? अपशकुन असतो."

"वाऱ्याला वार कळत नाही, बाबा."

"उद्या रेडिओ तपासू. मग जा."

"तू बसवलायस ना? हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

शेजारच्या बोटीवरचा एकजण चहा पिता पिता म्हणाला, "बुडख्याच्या कामात खोट काढणारा अजून जन्माला यायचाय!" सगळे हसले. कस्टमवालाही हसला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम. पण एवढ्या लोकांत, ज्यांच्या बोटींना आपण तोंडं दिली त्यांच्यासमोर, स्वतःच्या पोरीचं तोंड बांधलं म्हणून सांगायचं? शोनाने वाकून त्याच्या गालावर ओठ टेकले. "संध्याकाळच्या हजेरीला भेटू," ती म्हणाली. "वाइमारी आंटीकडे जाऊन बस. आणि तो दोर सोड आता."

दोर त्यानेच सोडला.

वाइमारीच्या स्वयंपाकघरात खिडकीखाली रेडिओ होता, तोही मर्व्हिननेच बसवलेला. नवरा मासेमारीवर असताना तिने त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी तो घेतला होता. नवरा गेला, पण समुद्रावरच्या लोकांची रोज संध्याकाळी हजेरी घ्यायची सवय तिला लागली ती लागलीच. आधी डोळे मिटून माओरीत दोन ओळींची प्रार्थना, मग एकेका बोटीचं नाव तीनदा. बोट आपला ठावठिकाणा, वारा, हवेचा दाब सांगते आणि शेवटी 'सगळं ठीक'. तेवढं ऐकण्यासाठी कितीतरी घरांतून लोक आपापल्या रेडिओला कान लावून बसत.

"टोरेआ, टोरेआ, टोरेआ," वाइमारी म्हणाली.

खरखर.

"नवा रेडिओ आहे. कुरकुर करायचाच," ती मर्व्हिनला म्हणाली आणि त्याच्यापुढे माशाचं सारण भरलेल्या पेस्ट्रीची बशी सरकवली. "खा. तुझं तोंड का पडलंय?"

दुसऱ्या संध्याकाळीही खरखर. तिसऱ्याही. मर्व्हिन खुर्चीत बसून स्वतःची समजूत घाली: तिला माहीत आहे. लहानपणापासून ऐकतेय, ऐकू येतं आणि जात नाही, म्हणजे बुडखा बघ. ती कप्पा उघडेल, नट सोडेल, चकत्या काढेल आणि बोलेल. मग त्याच्याच मनात उलट प्रश्न उभा राही. सापडलं असतं तर एव्हाना बोलली नसती का? मग सापडलं नसेल. की शोधायला कुणी उरलंच नसेल? अ‍ॅलेकच्या वेळी त्याला निदान एक आधार होता, आपण काही केलं नव्हतं. आता तोही नव्हता. रात्रंदिवस त्याला ती निळी बादली दिसे.

हजेरीत टोरेआचं नाव घेताना वाइमारीचा आवाज हळू झाला होता. मग फिजीच्या बाजूने कमी दाबाचा पट्टा खाली सरकू लागल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी तिने उत्तरेच्या सगळ्या बोटींना सांगितलं, पुढे जाऊ नका, आहात तिथे शिडं उतरवून थांबा. एकेकाने होकार दिला.

"टोरेआ, टोरेआ, टोरेआ. शोना, पोरी, ऐकतेस का ग?"

खरखर.

"मर्व्ह," तिने माइक खाली ठेवला. "उद्या सकाळी मी शोधपथकाला कळवते. विमान पाठवतील."

"त्या हवेत?"

"त्या हवेतच. दुसरी हवा कुठून आणू?"

मर्व्हिन उठला. त्याने माइक उचलला. हाताला तेलाचा तो वास होताच.

"शोना. बाबा बोलतोय." "रेडिओ बिघडलेला नाही. मी बिघडवलाय. मागच्या कप्प्यात तांब्याची पट्टी आहे बघ, तिचा नट सोड. खाली-वर प्लॅस्टिकच्या चकत्या आहेत, बोल्टवर रबर आहे. मीच घातलंय. काढून टाक आणि पुन्हा आवळ. तू जाऊ नयेस म्हणून केलं. धक्क्यावर सांगायला हवं होतं, लाज वाटली. तू बोल. मला शिव्या दे, पण बोल."

त्याने बटण सोडलं. टोंगापर्यंतच्या समुद्रावर जेवढ्या बोटी होत्या तेवढ्यांनी हे ऐकलं, आणि गावातल्या सगळ्या स्वयंपाकघरांनीही. वाइमारीने तोंडावर हात धरला होता.

आणि मग आवाज आला. स्पष्ट, मोठा, जणू शेजारच्या खोलीतून.

"आंटी, टोरेआ बोलतेय." तिने ठावठिकाणा सांगितला, वारा सांगितला, दाब सांगितला. "दुपारपासून शिडं उतरवून थांबलेय. सगळं ठीक."

वाइमारीने त्याच्या हातातून माइक काढून घेतला.

"अग पोरी! एवढ्यात दुरुस्त केलंस?"

"नाही, आंटी. पहिल्याच संध्याकाळी केलं. तुला घोर लावला, माफ कर. ऐकू येत होतं आणि जात नव्हतं, म्हणून बुडखा बघितला. सांधा घट्ट होता, पण कोरडा होता." मध्ये थोडी खरखर झाली. "सुटलेला असता तर चुकून राहिला म्हटलं असतं. पण त्यांच्या हातचा सांधा कधी कोरडा नसतो. तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस ग?"

"ते सांगतील म्हणून वाट बघत होते. रोज संध्याकाळी."

त्यांच्या. ते. जन्मभर बापाला अरे-तुरे करणारी पोर. मर्व्हिनने मान वर केली आणि माइकसाठी हात पुढे केला. वाइमारी तो देणार, तेवढ्यात आवाज पुन्हा आला.

"आंटी, माझ्या शोधाला आता कुणाला पाठवू नकोस. व्हावाऊला पोचेपर्यंत हजेरी देत जाईन, पण हाक तूच मार. त्यांना ऐकायचं असेल तर ऐकू देत. बोलायचं नाही, एवढं त्यांना सांग. टोरेआ, आउट."

वादळ तिच्या पूर्वेकडून निघून गेलं. मर्व्हिन रोज संध्याकाळी वाइमारीकडे जात राहिला. ती प्रार्थना म्हणे, नावं घेई, आणि टोरेआची पाळी आली की माइक आपल्या छातीशी धरून त्याच्याकडे पाठ करी. तो खिडकीशी बसून ऐके. वारा, दाब, सगळं ठीक. एक शब्दही अडखळत नव्हता. सांधा तिने तेल लावून आवळला असणार.