कुणीतरी आधी लिहीत होतं

त्यानं रुग्णालयाच्या सर्व्हरचा लॉग, म्हणजे कुणी कधी काय केलं त्याची आपोआप होणारी नोंद, सोमवारपर्यंत मागे नेला. खुर्चीमागे नोंदणीबाई साहेबांचा ठपक्याचा मेमो हातात धरून उभ्या होत्या. पडद्यावरचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीतून एका शिक्षकाचं नाव गायब झालं होतं, आणि त्याची बायको शिक्क्याची पावती घेऊन सकाळपासून खिडकीशी बसली होती. साहेबांनी उभ्या उभ्या निकाल लावला होता: बाईंनी नोंद सेव्हच केली नसेल.

"केली होती हो," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षांत असं झालं नाही."

यादी म्हणजे एकच फाइल. तिच्यात कुणी लिहायला घेतलं की शेजारी छोटी लॉक फाइल तयार होई. ती असेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. कधी प्रोग्राम मध्येच बंद पडे आणि लॉक मागे राही. मग ते हातानं उडवायचं. पण लिहिणारा खरंच बंद पडलाय का, ते आधी बघायचं. हा नियम लिहून भिंतीवर त्यानंच चिकटवला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सोमवार, अकरा वाजून चार मिनिटं. बाईंचा प्रोग्राम शिक्षकाचं नाव लिहीत होता. चांगला चालू होता. सहाव्या मिनिटाला कुणीतरी लॉक उडवलं, शिक्षकाचं नाव नसलेली जुनी यादी उचलली, तिच्यात आपली नोंद घातली आणि तीच यादी बाईंच्या लिखाणावर चढवली. लॉगिन त्याचंच होतं. नोंद त्याच्या ताईची, नव्या रिपोर्टची. त्या दिवशी ताईला दम लागला होता आणि लॉक सुटेपर्यंत थांबणं त्याला जमलं नव्हतं.

गुरुवारी मूत्रपिंड आलं. शिक्षक यादीत असता तर पहिला हक्क त्याचा असता. ते ताईला मिळालं.

फोन वाजला. वॉर्डमधून ताई.

"आज ग्लासभर पाणी दिलं रे मला. मोजून घोट नाही, अख्खा ग्लास."

त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच शिसारी आली. तो नुसतं "बरं" म्हणाला.

"सापडलं काही?" बाईंनी विचारलं.

"नाही. लॉग मध्येच तुटलाय."

दुपारी त्यानं प्रोग्राम नव्यानं लिहिला. आता लॉक खुद्द ऑपरेटिंग सिस्टिम धरणार होती, लिहिणारा बंद पडला की आपोआप सोडणार होती. कुणाला हात लावायची गरजच नव्हती. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मेमो मात्र कायम राहिला. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

निघताना बाई त्याच्या टेबलाशी थांबल्या.

"तुम्ही निदान शोधलंत तरी. बाकी कुणी तेवढंही केलं नाही."

बाहेरची वाट खिडकीवरूनच जात होती. शिक्षकाची बायको पावती धरून अजून तिथेच होती. तो मागच्या जिन्यानं उतरला.