पाच नंबरची डिस्क

धाकट्या जावेचं कौतुक थोरलीनं घरी कसंबसं गिळलं होतं. पण गेल्या वर्षी तीच जाऊ रुग्णालयाच्या सर्व्हर-खोलीत शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली आणि थोरलीच्या पोटदुखीला सुट्टी म्हणून उरली नाही. घरी सासूबाई म्हणायच्या, "धाकटीच्या हाताला गुण आहे." इथे साहेब म्हणायचे, "काय झटपट शिकतात हो तुमच्या जाऊबाई!"

आता नव्या इमारतीतल्या सर्व्हर-खोलीचं प्रमुखपद या आठवड्यात ठरणार होतं. इतकी वर्षं राबलेल्या थोरलीला ते आपलंच वाटत होतं. पण साहेब हल्ली धाकटीशीच जास्त बोलत.

अशात एका दुपारी एक्स-रे साठवणाऱ्या पेटीतली एक डिस्क गेली. पेटीत बारा डिस्क, चार-चारच्या तीन ओळींत. एक बंद पडली तर बाकीच्या निभावून नेतात. दुसरी गेली की अलीकडचे सगळे एक्स-रे बुडाले. बिघडलेल्या डिस्कवर लाल दिवा लागायची सोय या जुन्या पेटीत नव्हती. पडद्यावर फक्त पत्ता दिसत होता: पाच.

नवी डिस्क काखेत मारून धाकटी पेटीसमोर उभी राहिली. "शून्यापासून मोजायचं, हे मला पाठ आहे हं ताई. शून्य, एक, दोन, तीन, खाली चार, पाच!" तिचं बोट दुसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या कप्प्यावर थांबलं.

चुकलं होतं. या पेटीत आकडे आडवे नाहीत, उभे चालतात. एक रांग वरून खाली संपली की पुढची. पाच म्हणजे धाकटीचं बोट होतं त्याच उभ्या रांगेतला सगळ्यात खालचा कप्पा. पेटी थोरलीनंच बसवली होती. हे तिला ठाऊक होतं आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. हुकमाचं एक पान तरी आपल्या हातात असू दे, म्हणून.

धाकटीचा अंगठा खिट्टीवर गेला. ओढू दे, थोरलीच्या मनात आलं. एकदाच तोंडावर आपटू दे.

"थांब!" शब्द थोरलीच्या नकळत तोंडातून निसटला. "ती नव्हे. खालची."

धाकटी वळली. "ताई, परवा माझ्या केबल बांधण्यात खोट काढलीत, काल पासवर्डात. आज मोजण्यात? माझं काही बरं झालेलं बघवतच नाही का तुम्हाला?"

"नाही बघवत," थोरली फणकारली. "तरीपण खालचीच."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. थोरलीनं पेटीवरचं बाकी काम थांबवलं; डिस्क चालताना लागणारे सगळे दिवे शांत झाले. मग तिनं उरलेल्या अकराही डिस्क एकदम वाचायला लावल्या. हिरवे दिवे लुकलुकू लागले, धाकटीच्या अंगठ्याखालचासुद्धा. त्याच्या खालचा तेवढा मिट्ट काळा.

धाकटीनं हात भाजल्यासारखा मागे घेतला.

नवी डिस्क बसली तोवर साहेब आले. "झालं?"

"झालं, पण ताईंनी अडवलं म्हणून," धाकटी लगेच म्हणाली. "मी आडवं मोजून चालू डिस्कच ओढत होते."

"वा! स्वतःची चूक अशी सांगायला धाडस लागतं," साहेब खूश झाले.

थोरलीचा तिळपापड झाला. वाचवलं मी आणि धाडस हिचं!

साहेब तिच्याकडे वळले. "पण या पेटीची ही गोम त्यांना आधी सांगितली नव्हतीत का?"

मग धाकटीच मध्ये पडली. "सांगितली होती त्यांनी. मीच विसरले."

धडधडीत खोटं, तेही थोरलीला वाचवायला! आता नुसतं गप्प राहिलं की काम भागत होतं. पद हातचं जाणार नव्हतं. पण जन्मभर रोज जेवताना हिचा हा मोठेपणा समोरच्या ताटावर बसलेला बघायचा?

"नाही सांगितली," थोरली ताडकन म्हणाली. "मुद्दाम नाही सांगितली."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. पद गेलं, हे थोरलीला त्याच क्षणी कळलं. पण निदान हा मोठेपणा तरी तिनं धाकटीला मिळू दिला नव्हता.