पावनंबरचं गाव

“डावीकडून या हो, डावीकडून! मी थांबलेय ना!” बायको म्हणाली, आणि जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या पावनंबरनं खरोखरच डावीकडे मान वळवली. तिथे भिंत होती. बोलणं त्याच्याशी नव्हतंच. कानांवर हेडफोन चढवून, नवा लॅपटॉप पुढ्यात घेऊन त्याची बायको हॉस्पिटलातल्या औषधवाल्याशी बोलत होती. चौघं मिळून पडद्यावर एक जहाज हाकत होती. औषधवाला सुकाणूवर, दोन नर्स शिडांवर, आणि ही सगळ्यांत पुढे दुर्बीण लावून.

“अगं, जेवायचं कधी?”

तिनं एक बोट वर केलं. म्हणजे एक मिनिट. गेले पंधरा दिवस पावनंबर ही मिनिटं मोजत होता, आणि त्यातलं एकही साठ सेकंदांचं निघालं नव्हतं.

पावनंबर हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो अठ्ठावीस वर्षं काचा घासत होता. काचेत पाव नंबराचा फरक असला तरी नुसती हातात धरून सांगायचा, म्हणून मालकानं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. कामात काटेकोर, बोलायला मवाळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. या माणसाला कुणाचा हेवा वाटतो असं सांगितलं असतं तर दुकानात कुणी विश्वास ठेवला नसता. पण वाटत होता. चांगला पोट दुखेपर्यंत वाटत होता.

खेळाचा नाद त्यानंच तिला लावला होता, हे त्यातलं खरं दुखणं. ती हॉस्पिटलात नर्स; अकरा वर्षांपूर्वी तिला रात्रपाळी लागली. तो संध्याकाळी घरी यायचा तेव्हा ती नुकतीच बाहेर पडलेली असायची. सकाळी ती परतायची तेव्हा याच्या चहाचा कप तेवढा ओट्यावर असायचा. एका घरात राहून दोघांची गाठ सुट्टीच्या दिवशी. तेव्हा जुन्या कॉम्प्युटरवर त्याला एक साधा खेळ सापडला. नदीकाठी गाव वसवायचं. घरं बांधायची, शेतं करायची, रस्ते काढायचे. मारामारी नाही, घाई नाही. तो संध्याकाळी तासभर खेळायचा, ती सकाळी झोपण्याआधी अर्धा तास. गाव एकच, दोघांचं.

नियमही एकच होता. उठताना एक काम अर्धं ठेवायचं, दुसऱ्यानं पुरं करायला. तो विहीर खणायचा आणि कठडा ठेवायचा. ती पूल बांधायची आणि शेवटची फळी ठेवायची. नदीच्या अलीकडे त्याचं घर, पलीकडे तिचं, लाल छपराचं. एकदा संध्याकाळी त्यानं खेळ उघडला तर त्याच्या घरासमोर एक बाक ठेवलेला. चिठ्ठी नाही, काही नाही. सुट्टीच्या दिवशी त्यानं विचारलं, तर म्हणाली, “बसा की जरा. दिवसभर उभ्यानंच तर काम करता.”

त्या एका बाकावर पावनंबरनं अकरा वर्षं काढली म्हणायला हरकत नाही.

या वर्षी तिची रात्रपाळी सुटली. संध्याकाळी सहाला घरी. पावनंबरनं मनातल्या मनात मांडे खाल्ले, की आता शेजारी शेजारी बसून खेळू, दुसरी खुर्चीही त्यानं कॉम्प्युटरपाशी आणून ठेवली. आणि त्याच आठवड्यात मेहुणा आला, बहिणीसाठी नवा लॅपटॉप घेऊन. त्याची सिस्टीमच वेगळी. चकचकीत, पातळ, आवाज म्हणून नाही.

“आणि आमचं गाव?” पावनंबरनं विचारलं होतं.

“ते यावर नाही चालणार, भावोजी. तो खेळ जुन्या सिस्टीमचा.”

“असू दे रे,” बायको म्हणाली होती. “मला काहीतरी नवीन शिकव. तुला कित्ती कळतं यातलं!”

असू दे! मेहुण्याला कित्ती कळतं याचा राग वेगळा, पण हे “असू दे” पावनंबरला त्याहून जास्त लागलं. तो हट्टानं रोज गावात जात राहिला. रोज एक काम अर्धं ठेवून उठायचा. दुसऱ्या दिवशी ते तसंच असायचं. मग तो दुसरं अर्धं ठेवायचा. पंधरा दिवसांत गावात कठडे नसलेल्या विहिरी, छपराविना गोठे आणि नदीच्या मध्यावर थांबलेले तीन पूल झाले.

“पूल अर्धा आहे गं,” त्यानं एकदा सांगून पाहिलं.

“मग करा ना पुरा,” ती हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाली. “तुम्हाला येतो की.”

असं सगळं चाललेलं असताना औषधवाला स्वतःच दुकानात आला. पावनंबरनं मनात त्याचं जे चित्र काढलं होतं त्यात तो चाळिशीचा होता आणि त्याला भरघोस केस होते. प्रत्यक्षात साठीला टेकलेला, टकलू, खांदे पडलेला माणूस. चष्म्याच्या काचा मात्र बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. नंबर वाढला होता.

“तुम्ही सिस्टरचे मिस्टर ना?” तो काउंटरवरून ओणवा होऊन म्हणाला. “काय नजर आहे हो त्यांची! आम्हाला दिसायच्या आधी खडक दिसतो त्यांना. परवा आम्ही सगळे बुडालोच होतो.”

“हो का?” पावनंबर म्हणाला. परवा घरात जेवण गार झालं होतं, ते या खडकापायी.

“या जुन्या काचा टाकून द्या हं, काही उपयोग नाही त्यांचा.”

“नाही,” पावनंबर म्हणाला. “नवी काच नाकावर बसून नीट दिसेपर्यंत जुनी टाकायची नाही. आमच्याकडे नियम आहे.” नियम त्याचाच होता. जुन्या काचा तो कागदी पाकिटात घालून वर नाव लिहून महिनाभर जपायचा.

मागच्या खोलीत औषधवाल्याची काच यंत्रावर चढवली तेव्हा पावनंबरच्या मनात वाईट विचार आला. पाव नंबर. फक्त पाव. कुणाला कळणारही नाही; संध्याकाळी पडद्यापुढे बसलं की डोकं तेवढं ठणकेल, आणि हळूहळू जहाज आपोआप सुटेल. त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण विचार गेला नाही. काच मात्र बिनचूक निघाली. मन फिरलं तरी हात फिरायला तयार होईना.

मग त्यानं दुसरा मार्ग धरला. घरी जाताना मेहुण्याला फोन लावला आणि तिच्या लॅपटॉपवर गाव कसंही करून चालेल का, ते अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“चालेल की गाव!” मेहुणा म्हणाला. “आता त्या सिस्टीमवर जुने खेळ चालवायची सोय आलीय. असं करू, तुमच्या कॉम्प्युटरवरही तीच सिस्टीम टाकू, म्हणजे दोघांचं जमेल. फक्त आधी गावाची फाईल काढून ठेवावी लागेल. रविवारी मी येतो, तुम्ही हात लावू नका.”

“अरे, तू कशाला येतोस? मी करीन.”

“भावोजी, नक्की?”

“काचा घासतो मी. तुझ्यापेक्षा बारीक काम आहे.”

मेहुणा आला असता तर बायको पुन्हा “तुला कित्ती कळतं” म्हणाली असती. ते पावनंबरला यापुढे एकदाही ऐकायचं नव्हतं.

रविवारी तिची ड्यूटी होती. ती बाहेर पडताच पावनंबर कामाला लागला. पडद्यावर लाल छपराच्या घराचं छोटं चित्र होतं. अकरा वर्षं त्याच चित्रावर बोट दाबून दोघं गावात जात होती. गाव म्हणजे ते चित्र, यात त्याला शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही. त्यानं ते उचलून पेन ड्राइव्हवर टाकलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आपलं गाव मुठीत, असं म्हणून तो हसलाही. अकरा वर्षांचं गाव डोळ्याचं पातं लवायच्या आत कसं आलं, एवढं त्याला तेव्हाच खटकायला हवं होतं. मग नवी सिस्टीम टाकायला घेतली, तेव्हा कॉम्प्युटरनं विचारलं, जुनं सगळं पुसायचं का? पावनंबरनं ‘हो’ दाबलं.

दुपारपर्यंत नवी सिस्टीम बसली. त्यानं पेन ड्राइव्ह लावला, लाल छपराच्या घरावर दोनदा बोट दाबलं. मूळ फाईल सापडत नाही, असं उत्तर आलं. पाच-सहा वेळा तेच. शेवटी झक मारत मेहुण्याला फोन केला.

मेहुण्यानं काय काय केलं ते सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, “भावोजी, ते चित्र म्हणजे नुसती पाटी होती हो. दुकान आत दुसरीकडे होतं.”

“मग आता?”

“आता गाव गेलं.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. महिनाभर परक्याच्या जुन्या काचा पाकिटात जपणाऱ्या माणसानं स्वतःचं गाव, नवं नीट चालतंय का ते बघण्याआधीच पुसून टाकलं. पावनंबर त्या दुसऱ्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसला आणि दिवे लागेपर्यंत उठला नाही.

बायको आली तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं, औषधवाल्याच्या काचेसकट. ती चप्पल पायात तशीच ठेवून ऐकत होती.

“पाव नंबर चुकवणार होतात तुम्ही त्यांचा?”

“नाही चुकवला.”

“पण मनात आलं.”

“आलं. तू हसतेस त्याच्याशी.”

“अहो, बायको गेलीय त्यांची दोन वर्षांपूर्वी. तेवढाच एक तास बोलतात कुणाशी.” ती खाली बघत चप्पल काढायला लागली. “आणि गाव… जाऊ दे. मी तरी कुठे खेळत होते आता.”

ती रागावली असती तर पावनंबरला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यानं दुकानातला एक मोठा कागद घेतला आणि काचेवर खुणा करायच्या लाल शाईनं गाव काढलं. नदी, पूल, विहिरी, त्याचं घर, बाक. पलीकडे तिचं लाल छप्पर. त्याच्या मागे मात्र हात थांबला. ती बाजू तिची होती, तिथे काय काय होतं ते त्याला आठवेना. ती जागा तशीच कोरी ठेवून त्यानं कागद घरी जेवणाच्या टेबलावर ठेवला, वर पाण्याचा तांब्या.

दोन दिवस कागद तसाच. तिसऱ्या दिवशी त्यावर तांब्याचा ओला गोल उमटला. संध्याकाळी जहाज निघायचं, तिचं हसू ऐकू यायचं, आणि पावनंबरच्या पोटात पूर्वीइतकंच दुखायचं. औषधवाल्याची बायको गेल्याचं कळून ते दुखणं काही कमी झालं नव्हतं, फक्त आता त्याची लाजही वाटत होती.

चौथ्या दिवशी तो घरी आला तेव्हा ती आतल्या खोलीत हेडफोन लावून बसलेली होती. तांब्या बाजूला होता. लाल छपरामागची कोरी जागा भरली होती, निळ्या पेनानं, हॉस्पिटलात तक्त्यावर ताप लिहावा तशा बारीक, सरळ रेघांनी. एक वाफा, दोन झाडं, कपडे वाळत घालायची दोरी. दोरीवर एक शर्ट. नदीवरचा पूल तिनं एक फळी सोडून पुरा केला होता. आणि त्याच्या घरासमोरचा बाक सरळ खोडून खाली लिहिलं होतं : ‘डावीकडे होता. तिथूनच माझं दार दिसायचं.’

आतून तिचा आवाज आला, “थांबा हो, खडक आहे पुढे!” आणि मग ते हसू.

पावनंबरनं पिशवीतून लाल शाईची लेखणी काढली. खुर्ची ओढली, पण बसला नाही. उभ्यानंच ओणवा होऊन त्यानं आधी घराच्या डावीकडे बाक काढला, मग पुलाची राहिलेली फळी टाकली.