दोन भिंतींवरचा आकाशकंदील

मित्रांनो, मी एक जुना आकाशकंदील आहे, असं म्हणताना मी थोडा अडखळतो. माझ्यातलं जुनं म्हणावं असं फार थोडं आहे. बांबूच्या दहा कामट्या, बस्स. कागद दर नाताळाला नवा, खळ नवी, झिरमिळ्या नव्या. शिवाय मधली तीन वर्षं मी एक नव्हतोच, दोन होतो. तेव्हा जे घडलं ते नेमकं कुणी पाहिलं आणि आता कोण सांगतंय, याचा माझ्याच मनात घोळ आहे. पण समुद्राकाठच्या आमच्या गावात हे दुसरं कुणी सांगेल असं वाटत नाही, म्हणून जमेल तसं सांगतो.

मला क्रिस्पुलो यांनी केलं. ते मासे धरायचे बांबूचे सापळे विणत, त्यामुळे बांबू त्यांच्या हाताला वळत असे. त्यांनी कोयत्याने तासून सारख्या लांबीच्या दहा कामट्या काढल्या. पाच कामट्यांची एक चांदणी बांधली, उरलेल्या पाचांची दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं दोऱ्याने घट्ट आवळली. मग आत, जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, तिथे पाच आखूड काड्या ताठ बसवल्या. त्याबरोबर दोन्ही चांदण्या मधून फुगल्या आणि मला पोट आलं. आकाशकंदिलाला पोट लागतं, मित्रांनो. दिवा तिथेच राहतो.

कागद चिकटवायचं काम त्यांच्या बायकोचं, लिओन्सियाचं. भाताची पेज आटवून ती खळ करी आणि पतंगाचा पातळ कागद बोटाने असा बसवी की कुठे चुणी पडत नसे.

"पुढची बाजू लाल करू की पिवळी?" ती विचारी.

"तुला आवडेल ती," क्रिस्पुलो म्हणत.

"तुम्हाला काय आवडतं ते या जन्मात कळायचंय का मला?"

यावर ते हसत आणि पुन्हा सापळा विणायला घेत. त्यांना कशाची निवड करायला सांगितली की ते गोंधळून जात. हे मी त्यांना नावं ठेवण्यासाठी सांगत नाही. माझाही स्वभाव तसाच आहे, बहुधा त्यांच्याकडूनच आलेला.

त्यांना दोन मुली होत्या. थोरली डोराय, धाकटी ट्रिनिंग. दोघी वाढल्या, माझ्या झिरमिळ्या कापायला शिकल्या आणि कोण जास्त बारीक कापतं यावरून दरवर्षी भांडल्या. डिसेंबरमध्ये चर्चमधल्या पहाटेच्या प्रार्थना, म्हणजे मिस्सा, सुरू झाल्या की मी खिडकीत पेटायचो. चर्चकडे अंधारात निघालेली माणसं मला बघून म्हणत, "क्रिस्पुलोकडचा लागला. चला, नाताळ आला." एवढं कौतुक मला पुष्कळ होतं.

मुलींची लग्नं झाली. दोघींची घरं गावातच, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. तरी नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण आईकडेच व्हायचं. मग एका वर्षी लिओन्सिया आजारी पडली. ट्रिनिंग तेव्हा नवऱ्याबरोबर समोरच्या बेटावर सासरी गेली होती. ती सणाआधी परतणार होती, पण समुद्र खवळला आणि होड्या बंद झाल्या. सणाच्या दिवशी बाहेर कुणाचं पाऊल वाजलं की लिओन्सिया दाराकडे बघे आणि विचारी, "ट्रिनिंग आली का?" मी खिडकीतच होतो, मी ते ऐकलं. नव्या वर्षाच्या सुरुवातीला ती गेली.

तिच्यासाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या त्या दिवशी दोघी बहिणी मागच्या पडवीत भांडी घासत होत्या. डोराय एकाएकी म्हणाली, "आई दाराकडे बघत गेली. तुझ्यामुळे."

"होड्या बंद होत्या, ताई. मी काय पोहत येणार होते?"

"ज्याला यायचं असतं तो येतो."

तोंडातून निघाल्या क्षणी तो शब्द डोरायला परत घ्यावासा वाटला असेल. असं मला वाटतं, पण ठामपणे सांगू शकत नाही. ट्रिनिंगने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि हात पुसले. त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

आईच्या वस्तू वाटायची वेळ आली तेव्हा त्या वडिलांमार्फत बोलत होत्या. मोठं पातेलं हिला, शिवणयंत्र तिला. शेवटी मी उरलो.

"बाबा, तुम्हीच सांगा," डोराय म्हणाली. "कंदील कुणाचा?"

क्रिस्पुलो यांनी थोरलीकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं. मग चाकू घेतला, माझ्या पाचही टोकांचे दोरे कापले, आतल्या काड्या काढून टाकल्या आणि एकीच्या हातात एक चांदणी दिली, दुसरीच्या हातात दुसरी. पुढे ते नातींना म्हणाले त्यावरून मला कळलं की त्यांनी मनात एक हिशेब केला होता. अर्ध्या कंदिलात दिवा लागत नाही, तेव्हा नाताळ आला की दोघी आपापली बाजू घेऊन येतील. पण हा हिशेब त्यांनी कुणाला बोलून दाखवला नाही. आणि त्यांच्या मुली त्यांना वाटत होत्या त्याहून हट्टी निघाल्या.

डोरायने तिच्या चांदणीला मागून पुठ्ठा लावला आणि दाराच्या वरच्या भिंतीवर बसावी म्हणून तिचं एक टोक चक्क छाटलं. ट्रिनिंगने तिच्या चांदणीवर बारक्या दिव्यांची माळ गुंडाळली. दोन्ही घरी पाहुण्यांना सांगितलं जाई, "हा आमच्या आईचा कंदील." खोटं नव्हतं म्हणा. अशी तीन वर्षं मी दोन भिंतींवर चपटा होऊन राहिलो.

क्रिस्पुलो यांचीही वाटणी झाली होतीच. ते आपल्या जुन्या घरात एकटे राहत, पण दुपारी डोरायकडे जेवत आणि रात्री ट्रिनिंगकडे. किनाऱ्यावरचे कोळी त्यांना चिडवत, "काय हो क्रिस्पुलो, आता कुठल्या बाजूला?" ते हसून घेत. दुपारच्या घरात रात्रीच्या घराचं नाव काढायचं नाही, हे त्यांना कुणी न सांगता समजलं होतं.

डोरायची मुलगी नेनिंग आणि ट्रिनिंगची मुलगी इसांग, दोघी गावच्या शाळेत एकाच वर्गात होत्या. तिसऱ्या वर्षी नाताळाआधी त्यांच्या बेलार्मिनो बाईंनी सांगितलं, "नाताळच्या स्पर्धेसाठी प्रत्येक वर्गाने एक कंदील करायचा. दुकानातून काही आणायचं नाही. घरात जुनं पडलेलं असेल ते आणा. आणि दिवा आत लागला पाहिजे. बाहेरून माळ गुंडाळलेली चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी कुणी नारळाच्या करवंट्या आणल्या, कुणी फाटकं जाळं. नेनिंगने चांदणी आणली. इसांगनेही चांदणी आणली. बाईंनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या.

"कामट्या सुरेख आहेत गं," बाई म्हणाल्या. "पण दोन्ही चपट्या. दिवा कुठे ठेवायचा?"

"पाठीवर बांधा, बाई," मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला.

नेनिंग आणि इसांग हसल्या नाहीत. दोघींना सगळं ठाऊक होतं. लहान असताना त्यांनी मला फुगलेला पाहिला होता.

"आई म्हणाली, द्यायची तर दे, पण तिच्या चांदणीला चिकटवू देऊ नकोस," इसांग हळूच म्हणाली.

"माझीपण तेच म्हणाली," नेनिंग म्हणाली. "मग काय करायचं?"

"चिकटवायची नाही. बांधायची."

शाळा सुटल्यावर दोघी मला घेऊन आजोबांकडे गेल्या. आमच्याकडे आजोबांना लोलो म्हणतात. नमस्कार म्हणून दोघींनी त्यांचा हात घेऊन कपाळाला लावला आणि मला त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी दोन्ही चांदण्या उचलून एकमेकींवर ठेवून पाहिल्या.

"तुमच्या आयांना माहीत आहे?"

"नाही, लोलो. सांगू नका ना."

"मी आपणहून सांगणार नाही," ते म्हणाले. "विचारलं तर खोटं बोलणार नाही. पण मला कोण काय विचारतं?"

त्यांनी नव्या पाच काड्या तासल्या. एक काडी दोनदा मोडली. टोकं बांधताना चार जुळली, पाचवं जुळेना, कारण डोरायने एका बाजूचं टोक छाटलं होतं. शेवटी त्यांनी लांब टोक वाकवून आखूड टोकाला बांधलं. त्यामुळे मी एका अंगाला किंचित कलता झालो. तेव्हाच नातींना त्यांनी तो जुना हिशेब सांगितला आणि म्हणाले, "मी तेव्हा बोलायला हवं होतं. कापायला नको होतं." काड्या आत बसल्या आणि मला पुन्हा पोट आलं. मित्रांनो, ते कसं वाटलं हे सांगायला माझ्याजवळ चांगले शब्द नाहीत.

वर्गाने माझ्यावर नवा कागद चिकटवला, डोरायच्या बाजूला लाल, ट्रिनिंगच्या बाजूला पिवळा, आणि आत दिवा ठेवला. आमचा नंबर आला नाही. बक्षीस शिंपल्यांच्या कंदिलाला मिळालं आणि ते योग्यच होतं. पण सगळ्या वर्गांचे कंदील चर्चच्या अंगणात नऊ पहाटेच्या मिस्सांसाठी टांगायची रीत आहे. शेवटच्या मिस्सेनंतर ज्याने त्याने आपला कंदील घरी न्यायचा. मला फाटकाजवळ जागा मिळाली.

पहिल्याच पहाटे डोराय माझ्याखाली थबकली. वर बघितलं आणि तिचा चेहरा कडक झाला.

"नेनिंग, हे कुणी केलं?"

"वर्गाने, आई."

"शेवटच्या दिवशी आपली बाजू सोडवून घरी न्यायची. कळलं? मी स्वतः येईन."

मागून ट्रिनिंग येत होती. तिने ते ऐकलं आणि इसांगला मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "आपणही कात्री घेऊन येऊ. त्यांना कशाला त्रास?"

झालं. आता मला फक्त त्या शेवटच्या पहाटेपर्यंत वेळ होता. रोज माणसं यायची, घंटा व्हायची, आतून गाणं ऐकू यायचं. बाहेर बायका वर-खाली निखारे ठेवून तांदळाच्या पिठाची गोड बिबिंका भाजायच्या आणि आल्याचा गरम काढा विकायच्या. इतका गजबजलेला सण मी आयुष्यात पाहिला नव्हता. आणि मी मात्र मनात पहाटा मोजत होतो. पाच उरल्या. चार उरल्या.

एकदा पाऊस झाला आणि माझा लाल कागद फाटून लोंबू लागला. दुसऱ्या दिवशी मिस्सा चालू असताना ट्रिनिंग एकटी बाहेर आली. पिशवीतून खळीची वाटी काढली, टाचा उंचावून तो फाटका भाग चिकटवला, बोटाने चुणी काढली. ती डोरायची बाजू होती. ट्रिनिंगच्या ते लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही.

शेवटची पहाट आली. मिस्सा संपली, अंगणात कंदील उतरवायची गडबड उडाली. डोराय चाकू घेऊन आली. ट्रिनिंगच्या हातात खरंच कात्री होती. दोघी माझ्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि मुली त्यांच्या मागे, रडायच्या बेतात. डोरायने स्टूल ओढलं, मला खाली उतरवलं आणि पहिल्या टोकाच्या दोऱ्याला चाकू लावला.

"थांब," क्रिस्पुलो म्हणाले.

ते कधी आले कुणाला कळलं नव्हतं. आवाज मोठा नव्हता, पण डोराय थांबली, कारण तिने तो शब्द त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकलाच नसावा.

"बाबा, ही माझी बाजू आहे. तुम्हीच दिलीत."

"दिली. चुकलो. तुम्ही मला विचारलं होतं, कंदील कुणाचा. आज सांगतो. माझा आहे. मी केलाय." त्यांनी मला तिच्या हातातून घेतलं. "आज मी तुझ्याकडे जेवणार नाही आणि तुझ्याकडेही जेवणार नाही. माझ्या घरी दिवा लावणार आहे. ज्याला यायचं त्याने यावं. ज्याला नसेल यायचं, त्याला मी काही विचारणार नाही. समुद्र होता का, होडी होती का, काही नाही."

शेवटच्या वाक्याने डोरायची मान खाली गेली. ट्रिनिंग फाटकाकडे बघत राहिली. शेजारच्या बिबिंकावाल्या बाईने निखारे हलवायचं थांबवलं होतं. क्रिस्पुलो यांनी मला खांद्याला लावलं आणि ते चालू लागले.

मागून ट्रिनिंगचा आवाज आला. ती कुणाकडे न बघता म्हणाली, "बाबांकडे तांदूळ तरी असतील का घरात?"

डोरायने चाकू पिशवीत ठेवला.

"भात मी आणते," डोराय म्हणाली. "तू करपवतेस."

"हो. आणि तुझ्या शेवयांत मीठ नसतं."

"मग शेवया तू आण."

क्रिस्पुलो यांनी मागे वळून बघितलं नाही. फक्त त्यांची चाल जरा मंदावली, मागच्यांना गाठता यावं इतकी.

मित्रांनो, मी कागदाचा आणि बांबूचा. तुम्हाला उपदेश करायचा माझा अधिकार किती, याची मला शंकाच आहे. तरी एक विनंती करतो. घरातल्या वस्तू वाटायची वेळ कधीतरी सगळ्यांवर येते. पातेली वाटा, कपाटं वाटा. पण जिच्या पोटात दिवा राहतो अशी एखादी वस्तू असेल, तर ती तशीच राहू द्या आणि ती कुणाकडे राहावी हे बोलून ठरवा. बोलायला जड जातं हे मला माहीत आहे. आणि सण सरल्यावर माझ्यासारख्याचा कागद काढलात, तरी जागा वाचावी म्हणून काड्या काढून त्याला चपटा करून माळ्यावर टाकू नका. फुगलेला कंदील जागा जास्त अडवतो. अडवू द्या.